करीच्या दिवसाची कानपिळी

प्रिय वंदूताई,

घरात आज माझ्याशी कोणी बोलून नाही राहिलं. आई भिंतीकडं तोंड करून पडली आहे. बाबा समोरच्या खोलीत पेपर धरून बसले आहेत, पण पान काही पलटत नाहीत. आणि तुझी चिमी रडून रडून झोपली. मग बोलू कोणाशी? तूच राहिली. तुले आता उलटून बोलता येत नाही तेवढं बरं आहे, नाहीतर पहिले तूच मले दोन ठेवून दिल्या असत्या!

हसू नको हं. 'बाल्या अन् पत्र!' म्हणून तू हसून राहिली असशील. मराठी लिहायले तूच शिकवलं, मी हिंदी शाळेतला पोट्टा, तेव्हा चुकलं तर ती तुझी मास्तरकी. अन् अक्षर वाकडं दिसून राहिलं ते माझ्या आळसानं नाही.

मले भेव वाटून राहिलं, ताई.

उद्या सकाळी भाऊजी चिमीले न्यायले येणार आहे. अन् मी आज त्याच भाऊजीले पोलिसाच्या हाती दिलं. मी! घरचा एकुलता एक साळा!

थांब, सगळं सांगतो.

आज कर होती, पोळ्याचा दुसरा दिवस. तू गेल्यावर वर्षभर आपण एकही सण केला नाही. आता वर्ष सरलं म्हणून आईनंच बाबांमागं लकडा लावला, की पोळ्याच्या करीले जावयाले जेवायले बोलवा, पहिल्यासारखं. मी म्हणलं, आई, पहिल्यासारखं काय राहिलं आता? तर म्हणते, "जावई तर आहे ना बाप्पा!"

सकाळी चिमी तान्ह्या पोळ्याले तुझाच लाकडी बैल घेऊन निघाली. एक चाक ढिलं आहे त्याचं, आठवते? सगळ्या पाऱ्यात, गल्लीच्या घराघरांपुढं, खडखडखडखड! लोकांनी चॉकलेटी देल्या, गोड खुरमी देली. आजीच्या जुन्या पातळाची झूल शिवली होती मी. मी! सुई टोचून टोचून बोटाची चाळणी झाली. तू असती तर पाऱ्यात दवंडी पिटली असती, बाल्या शिवणकाम करते म्हणून.

मग भाऊजी आला. अभनपुराहून, लाल गाडीवर. दुपारी मटण. अन् मटणाच्या आधी मागच्या खोलीत ते स्टीलचे ग्लास. स्टीलचे काहून, तर आईले दिसू नये म्हणून. आईले सगळं दिसते, ताई. पण ती पापड तळत राहते. बाबांनी एकच घेतला. शेजारच्या देशकर काकांनी मोजले नाहीत. अन् भाऊजीचा ग्लास रिकामा झाला की काकाच म्हणे, "अरे, जावयाचा ग्लास कोरडा?"

जावई! हा शब्द आपल्या घरात काय आहे, तुले सांगायले पाहिजे का? जावई बसला की सगळे उभे. जावयानं भात मागितला की बाकीच्यांची पोळी बंद. जावयाले 'नाही' म्हणायचं आपल्या घराण्यात कोणी शिकलंच नाही. तू तरी कुठं शिकली?

रागावू नको, पण हे मी तुले वर्षभर विचारून राहिलो. तू काहून बसली होती गाडीवर त्याच्या मागं? त्या सासरकडच्या साक्षगंधाच्या जेवणावरून निघताना तुले वास नव्हता आला? मी गुटखा खाल्ला तर तुले गल्लीच्या तोंडापासून वास यायचा! अन् त्या दिवशी तुझं नाक कुठं गेलं होतं? काहून बसली, ताई?

अन् मग ती गाय.

तुले माहीत नसेल, तू ज्या गायीनं मेली ती केवढी मोठी झाली आता. पहिले भाऊजी एवढंच म्हणला, "गाय आली आडवी." मग बाबांनी पोलिसाले तेच सांगितलं. मग देशकर काका म्हणे, तांबडी होती. काका तेव्हा स्वतःच्या घरी पलंगावर घोरत होते बरं! मग मावशीनं तिले शिंगं लावली. आता तर पाऱ्यातले लोक सांगतात की ती गाय दर उन्हाळ्यात तिथंच बसते. तिच्या वासराचंही बारसं होईल थोड्या दिवसांनी. काल पोळ्याले आपण बैलाच्या पाया पडलो, निवद देला. अन् त्याच्या बहिणीवर खुनाचा आळ! बिचारी कुठं सफाई देईल?

सगळ्यांले माहीत आहे गाय नव्हती. दवाखान्यात भाऊजीचा शर्ट मीच बदलला होता. रक्ताच्या वासावरही तो दुसरा वास चढला होता. पण जावयाचं नाव कसं घ्यायचं? गायीचं घ्या.

तर आज जेवण झालं अन् भाऊजी उठला. उठला म्हणजे दोनदा उठला, पहिल्यांदा जमलं नाही. म्हणला, "चिमे, चल, अभनपुरच्या आजीकडं. दोन दिवस राहा. बैल घे तुझा."

चिमी उड्या मारायले लागली.

मी आईकडं पाहिलं. आई पानदान आवरून राहिली. बाबांकडं पाहिलं. बाबा छताकडं पाहून राहिले. मग मी माझं नेहमीचं काम सुरू केलं. तुले तर माहीत आहे माझ्याजवळ अक्कल कमी अन् आयडिया जास्त.

पहिले, गाडीच्या प्लगची वायर काढली. भाऊजीनं किक मारली, मारली, मारली. मग वाकून पाहिलं अन् हसला. "साळेबुवा! हे तर आम्ही शाळेत करायचो!" लावली वायर परत.

मग मी चावी पळवली. तांदळाच्या डब्यात, एकदम खाली. पण चिमीनं पाहिलं मले. तिले वाटलं मामा लपाछपी खेळून राहिला. कोपरापर्यंत हात घातला, काढली, अन् नाचत बाहेर गेली. "बाबा! मामानं लपवली होती, मी शोधली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताई. टाळ्या!

मग चाकाची हवा सोडली. तर देशकर काका घरून पंप घेऊन आले. स्वतःच हवा भरली, धापा टाकत. दोन वेळा पंप वाल्व्हवर बसला नाही, हात हलत होता त्यांचा. म्हणे, "हा पोट्टा कधी मोठा होईल?"

मी बाबांले कोपऱ्यात नेलं. म्हणलं, "बाबा, चिमीले नका जाऊ देऊ." ते म्हणे, "बाल्या, आजचा दिवस तरी मस्करी बंद कर." मस्करी! मी आयुष्यात पहिल्यांदा मस्करी करून नव्हतो राहिलो. पण माझं तोंडच असं आहे, खरं बोललो तरी लोकांले वाटते मागं रबराची पाल लपवली असंल.

आईनं भाऊजीले कुंकू लावलं. कपाळ एका जागी राहत नव्हतं, तर तिनं डाव्या हातानं हनुवटी धरली अन् लावलं. नारळ देला. भाऊजीनं चिमीले समोर टाकीवर बसवलं. हेल्मेट? होतं ना! कोपरात अडकवलेलं. कोपर फुटलं तर काय करता! चिमीच्या डोक्यावर काही नाही. तू बांधायची तशा दोन वेण्या, माझ्या हातच्या, एक वर एक खाली.

बाबा म्हणे, "सावकाश जा, जावईबुवा."

बस. एवढंच. तुलेही असंच म्हणले असतील कोणीतरी तिथं. सावकाश जा.

भाऊजीनं गाडी सुरू केली अन् माझ्याकडं पाहून डोळा मारला. "काय साळेबुवा, अजून काही राहिलं का?"

तेव्हा माझा हात उठला. कसा, मले माहीत नाही. मी त्याचा कान धरला.

तुझ्या लग्नात मंडपात मले पुढं ढकललं होतं, आठवते? कानपिळी! नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा, की माझ्या बहिणीले नीट सांभाळ, नाहीतर पाहा. जावयाच्या अंगाले हात लावायचा हक्क अख्ख्या खानदानात एकट्या साळ्याले, तोही एकदाच. मी तेव्हा एवढासा होतो, स्टुलावर चढलो होतो. सफारीचं कापड भेटलं होतं मले.

आज स्टूल नाही लागला.

देशकर काका ओरडले, "घ्या! झाली पुन्हा कानपिळी! जावईबुवा, साळ्याले ड्रेस लागते आता!" सगळे हसले. चिमीही हसली. भाऊजीही हसला. म्हणला, "सोड बे, दुखते."

मी म्हणलं, "चावी द्या."

"सोड."

"चिमीले उतरवा, भाऊजी. तुम्ही पेलेले आहा."

हसणं थांबलं. जसं कोणी पंख्याचं बटण बंद करते ना, तसं. हळूहळू फिरत फिरत थांबलं.

भाऊजीनं मारली मले. कानाखाली. मी सोडला नाही कान. दुसरी मारली. तरी नाही. बाबा धावत आले, "बाल्या! जावयाच्या अंगाले हात लावतो? लाज आहे का?"

मी म्हणलं, "बाबा, गाय नव्हती."

अन् देशकर काका, ज्यांनी तिचा रंग सांगितला होता, तेच म्हणतात, "कोणती गाय?"

गाडी तशीच घरघरत होती. मग आई आली. तिनं चिमीले बगलेत हात घालून उचललं, बैलासकट, अन् घरात निघून गेली. बस एवढंच केलं तिनं. पण बावीस पायऱ्या चढताना दम लागणारी आपली आई, तिनं ते पोट्टं असं उचललं जसं कोणी आगीतून भांडं काढते.

भाऊजीचं तोंड पाहायसारखं नव्हतं. "ठेवा! ठेवून घ्या माझी पोरगी! मी पाहतो!" असं म्हणला अन् गेला. एकटा. भर्रर्र.

मले एक मिनिट असं हलकं वाटलं की काय सांगू! चिमी घरात होती.

मग भेव आलं. खरं भेव. मागं-समोर कोणी बसलं नव्हतं हे ठीक. पण पुढून कोणी येणारच होतं ना? तिकडं नवी राजधानी बांधून राहिले, मुरुमाचे डंपर दिवसभर धावतात त्या रस्त्यानं. त्याच रस्त्यानं तू गेली. सायकलवाले असतात, बाया असतात डोक्यावर भारा घेऊन. अन् तो स्वतः? चिमीची आई त्या रस्त्यानं गेली, आता बापही त्याच रस्त्यानं पाठवू? अन् मग परत एक गाय शोधू?

मी धावलो. चप्पल एकच होती पायात.

सदर बाजारात सणाची गर्दी, तिथं गाडी अडकणार हे मले माहीत होतं. मी गोल बाजारातून घुसलो, भांड्यांच्या दुकानांमधून. एक परात आडवी केली, ठणठणठण आवाज झाला, दुकानदारानं माझ्या आईचा उद्धार केला. चौकात आलो. तिथं ट्रॅफिकवाले उभे होते, ते फुंकायचं मशीन घेऊन. सणाच्या दिवशी असतात.

मी एका हवालदाराले म्हणलं, "साहब, लाल गाड़ी आएगी अभी. उसको पकड़ो. पिए हैं."

तो म्हणे, "तोर कोन लागथे?"

"जीजा."

त्यानं माझ्या पायाकडं पाहिलं. एक चप्पल. गालावर बोटं उमटलेली. "मार खाए हस त बदला लेथस का?"

"नहीं साहब," मी म्हणलं, "मेरी दीदी नहीं है अब. वो भी इनके पीछे बैठी थी."

पुढं मले बोलता नाही आलं. मी, बाल्या, ज्याची जीभ मास्तरनंही नाही थांबवली! हवालदार रस्त्याच्या मधात जाऊन उभा राहिला.

भाऊजी आला. थांबवलं. "फूँको." त्यानं हळूच फुंकलं, चहा गार करतात तसं. "जोर से, भैया. हम रोज़ देखते हैं ये फूँक." मग जोरानं. मशीन वाजलं. हवालदारानं आकडा त्याच्या डोळ्यासमोर धरला. "सौ मिलीलीटर खून में तीस मिलीग्राम से ऊपर गया तो केस बनता है. आप खुद पढ़ लो, मेरे से मत पूछो." भाऊजीले आकडा वाचता नाही आला. डोळे बारीक केले, मोठे केले. तरी नाही. अन् हा माणूस गाडी चालवून राहिला होता!

गाडी ठेवून घेतली. लायसन घेतलं. कोर्टात जा म्हणले.

तेव्हा त्याले मी दिसलो, पानठेल्याच्या मागं. मले वाटलं आता इथंच मारते. पण त्यानं काही केलं नाही. फुटपाथवर बसला, कपाळावर आईचं कुंकू तसंच. मी दूर उभा राहिलो. अन् तो माझ्याकडं न पाहता म्हणला, "वंदूही म्हणे, मी नाही बसत."

मी म्हणलं, "काय?"

"ती म्हणे, मी मागून ऑटोनं येतो. पोट्टी आजीजवळ आहे, मले घाई नाही. मी म्हणलं, चार लोकांसमोर माझी इज्जत घालवते का? तिथं सगळे उभे होते. मग बसली."

ताई!

म्हणजे तू बोलली होती. तुले वास आला होता. तू म्हणली होती की नाही बसत. अन् मी वर्षभर तुझ्यावरच चिडून राहिलो, की काहून बसली, काहून बसली. तिथं सगळे उभे होते, अन् एकानंही म्हणलं नाही की तिले ऑटोनं जाऊ द्या. हात जोडून म्हणले असतील, सावकाश जा.

मले वाटलं जाऊन त्याच्या गळ्याले धरावं. अन् मले वाटलं जाऊन त्याच्या बाजूले बसावं. दोन्ही केलं नाही. तसाच उभा राहिलो, एका चप्पलीवर.

मग तो उठला, तोंड धुतलं नळावर, अन् अभनपुरच्या बसकडं चालू लागला. जाताना म्हणला, "उद्या सकाळी येतो. चिमीले घेऊन जातो. मग पाहू तुझे पोलीस काय करतात."

म्हणून भेव वाटून राहिलं मले. तो तिचा बाप आहे. नेलं अन् परत आणलंच नाही तर? आपण काय करू? बाबा म्हणतात, जावयाले चौकात उभं केलं, आता कोणत्या तोंडानं अडवायचं. अन् खरं सांगू? शुद्धीत असला की तो वाईट नाही, हे तुले माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चिमीसाठी पेरू आणते, बी काढून भरवते. तिच्या तापात रात्र रात्र बसला. त्याच्याजवळून पोट्टी तोडायची नाही मले. पण त्या टाकीवर बसलेली ती मले डोळे मिटले की दिसते. डोळे उघडे ठेवून बसलो आहो.

आता ऐक, तुले वचन देतो. माझ्या वचनाले तू हसायची, पण हे वेगळं आहे.

उद्या मी दारातच उभा राहीन. तो आला की पहिले त्याच्या पाया पडीन, अन् उठताना त्याच्या तोंडाचा वास घेईन. मारलं तर मारू दे. तोंड साफ असलं तर उद्या दोघांले बसमधे बसवीन, अन् गाडी-लायसन सुटलं की मीच चिमीले मागं बसवीन, तिच्या डोक्यावर हेल्मेट बांधून, पट्टा लावून. अन् त्याचंही कोपरातून काढून डोक्यावर ठेवीन. तोंड साफ नसलं तर चिमी बसणार नाही. उद्या नाही, पुढच्या करीले नाही, तिच्या लग्नानंतरही नाही. मग सगळं सासर, सगळा पारा रांगेत उभा राहू दे.

अन् चिमीले एक गोष्ट मी रोज शिकवीन, तुझी शपथ. 'मी उतरू का' असं विचारायचं नाही. उतरायचं. लोक पाहतात तर पाहू दे, लाज गेली तर मामाची गेली म्हणून सांग. मामाजवळ तशीही फार नाही.

बाहेर कोणाची तरी गाडी थांबली. मी धावत दारात जाऊन पाहिलं. नाही, शेजारच्यांची आहे.

सकाळ होऊ दे, ताई. मी दारात आहो.

तुझा भेलेला, पण दारात उभा असलेला,
बाल्या